बायबलबाहेरची शुभवर्तमानं: दडपली कुणी, जपली कुणी?

प्रश्न असा आहे: "येशूबद्दलची कितीतरी पुस्तकं चर्चने बायबलमधून काढून टाकली आणि लपवून ठेवली, असं सतत ऐकायला मिळतं. त्यांत येशूचं बालपण आहे, यहूदाची बाजू आहे, मग्दालीया मरीयेशी लग्न आहे म्हणतात. खरी हकिगत त्यांत आहे का? आणि वाचायचं तर कुठून सुरू करू?"

गेली सत्तावीस वर्षं मी पहिल्या चार शतकांतला ख्रिस्ती ग्रीक आणि कॉप्टिक (इजिप्तमधल्या ख्रिस्ती लोकांची जुनी भाषा) मजकूर वाचते आणि शिकवते. हा प्रश्न दरवर्षी नव्या वर्गात येतोच, आणि मला तो आवडतो. विचारणाऱ्याला मनापासून जाणून घ्यायचं असतं. म्हणून आधी थेट उत्तर देते. येशूच्या आयुष्याबद्दलची सर्वांत जुनी सलग माहिती आजही मत्तय, मार्क, लूक आणि योहान यांच्याकडेच आहे. ती चारही शुभवर्तमानं साधारण पहिल्या शतकातली. बायबलबाहेरची बहुतेक पुस्तकं दुसऱ्या शतकातली किंवा त्याही नंतरची. त्यामुळे येशूच्या घरी काय घडलं हे ती फारसं सांगू शकत नाहीत. ती लिहिणाऱ्यांना कुठले प्रश्न छळत होते, हे मात्र ती फार स्पष्टपणे सांगतात. राहिला "लपवली" हा शब्द. त्यांतल्या सगळ्यांत लोकप्रिय पुस्तकाला तर तो लावताच येत नाही. त्या पुस्तकातली गोष्ट तुमच्या ओळखीची असेल, फक्त ती एका पुस्तकातून आली आहे हे कुणी सांगितलेलं नसेल.

बांद्र्याची मोत माउलीची जत्रा घ्या. लहानपणी वसईहून आजीचं बोट धरून मी तिथं जायचे. हातापायांच्या, घराच्या, बाळाच्या आकाराच्या मेणाच्या वस्तू टेकडीवर विकायला मांडलेल्या असतात. ज्याचं जे मागणं, तो ते वाहतो. जत्रा सप्टेंबरात भरते, कारण ८ सप्टेंबर हा येशूची आई मरीया हिचा जन्मदिवस. आता बायबल उघडा आणि मरीयेच्या जन्माची हकिगत शोधा. सापडणार नाही. तिच्या आईवडिलांची नावंही नाहीत. तरी गोव्यात तिसवाडीत संत आन्नाचं चर्च आहे, आणि मूल होत नसलेली जोडपी जुलैअखेरच्या तवशांच्या, म्हणजे काकड्यांच्या, फेस्ताला तिथं तवसं वाहतात. ही आन्ना म्हणजे मरीयेची आई. तिचं नाव, नवऱ्याचं योवाकीम हे नाव, आणि उतारवयापर्यंत मूल नसल्याचं तिचं दुःख, हे सगळं दुसऱ्या शतकातल्या एका ग्रीक पुस्तकातून आलं आहे.

त्याला आज आपण 'याकोबाचं आद्यशुभवर्तमान' म्हणतो. हे नाव पुष्कळ उशिराचं, सोळाव्या शतकात गियोम पोस्तेल या फ्रेंच विद्वानाने लॅटिन भाषांतर करताना दिलेलं. इजिप्तमधून मिळालेल्या बोडमर संग्रहातल्या पपायरसवर (लव्हाळ्यासारख्या वनस्पतीपासून केलेला कागद), म्हणजे या पुस्तकाच्या अतिशय जुन्या प्रतीवर, शीर्षक आहे 'मरीयेचा जन्म, याकोबाचं प्रकटीकरण'. लिहिणारा स्वतःला याकोब म्हणवतो, येशूचा भाऊ. तो याकोब नव्हता, कारण मत्तय आणि लूक ही दोन्ही पुस्तकं त्याच्यासमोर होती हे वाक्यावाक्यातून दिसतं. मंदिरातल्या चालीरीतीही त्याला ऐकीवच माहीत असाव्यात. तीन वर्षांच्या मुलीला यरुशलेमच्या मंदिरात राहायला ठेवायचे, असा पुरावा दुसरीकडे कुठेच नाही.

पण गोष्ट सांगणारा म्हणून हा माणूस मोठा आहे. मूल नाही म्हणून योवाकीमचं अर्पण अडवलं जातं आणि तो रानात निघून जातो. इकडे आन्ना बागेत लॉरेलच्या झाडाखाली बसते, वर पाहते, तर फांदीवर चिमणीचं घरटं. ती रडत म्हणते की पाखरांना पिल्लं आहेत, जनावरांना आहेत, पाण्याला आणि मातीलाही फळ येतं, मी मात्र यांतल्या कुणासारखीच नाही. पहिल्यांदा ग्रीकमध्ये हे वाचलं तेव्हा टेकडीवरची ती मेणाची बाळं माझ्या डोळ्यांसमोर आली होती.

हे पुस्तक का लिहावं लागलं, ते बघा. त्याच शतकात केल्सस नावाच्या ग्रीक लेखकाने ख्रिस्ती लोकांवर टीकेचं पुस्तक लिहिलं. त्यात त्याने मरीयेला हिणवलं आहे: ती खेड्यातली गरीब बाई, सूत कातून पोट भरणारी, आणि मूल एका शिपायापासून झालेलं. असे टोमणे लोकांच्या तोंडी असणारच. आता या पुस्तकातली मरीया पाहा. तिचा बाप श्रीमंत. ती वाढली मंदिरात, देवदूताच्या हातचं खाऊन. सूत ती कातते, पण पोटासाठी नाही. मंदिराच्या पडद्यासाठी, आणि चिठ्ठ्या टाकल्यावर तिच्या वाट्याला जांभळा आणि किरमिजी धागा येतो. एकेका टोमण्याला एकेक प्रसंग उत्तर म्हणून उभा केला आहे.

दुसरी अडचण येशूच्या भावांची. मार्कच्या सहाव्या अध्यायात त्यांची चार नावं दिली आहेत. मरीया कायम कुमारी राहिली असं मानायचं तर हे भाऊ आले कुठून? या लेखकाचं उत्तर सोपं आहे: योसेफ वयस्क विधुर होता आणि ही पहिल्या बायकोची मुलं. म्हणून तर मरीयेला सोपवताना तो म्हणतो की मला मुलं आहेत, मी म्हातारा, ही कोवळी पोर, लोक मला हसतील. पूर्वेकडच्या चर्चने हे उत्तर स्वीकारलं. पश्चिमेकडे बायबलचं लॅटिन भाषांतर करणाऱ्या जेरोमला ते मुळीच पटलं नाही. त्याच्या मते ते चुलत-मावस भाऊ होते. लॅटिन जगात या पुस्तकाची पत घसरली, त्यात जेरोमच्या या विरोधाचा मोठा वाटा आहे.

यातला एक प्रसंग मी दर वर्गात मोठ्याने वाचते. बेथलेहेमजवळच्या गुहेत मरीयेला बसवून योसेफ सुईण शोधायला निघतो. इथवर कथा 'तो'ने चालते, आणि अचानक योसेफ स्वतः बोलू लागतो: मी चालत होतो आणि चालत नव्हतो. आकाश थबकलेलं, पाखरं हवेत जिथल्या तिथं. मजूर थाळ्याभोवती बसलेत, कुणाचा हात थाळ्यात आहे, कुणाचा तोंडाशी, पण घास कुणी चावत नाही. मेंढपाळाने काठी उगारली आहे आणि ती वरच राहिली आहे. कोकरांची तोंडं पाण्याला टेकलीत, पण ती पीत नाहीत. मग एका क्षणात सगळं पुन्हा चालू होतं. येशू जन्मला त्या घटकेबद्दल लूक एका वाक्यात सांगून मोकळा होतो. हा लेखक त्या घटकेला सगळं जग थांबवतो.

गंमत म्हणजे त्या जुन्या बोडमर प्रतीत हा भागच नाही. मूळ पुस्तकात तो होता आणि नकल करणाऱ्याने गाळला, की नंतर कुणी घातला, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. माझा कल पहिल्या बाजूला आहे, कारण त्या प्रतीत पुढचा मजकूरही घाईने आटोपल्यासारखा वाटतो. पण बायबलबाहेरच्या पुस्तकाबद्दल कुणी "मूळ ग्रंथात असं लिहिलंय" म्हणालं, की मी आधी विचारते, कुठल्या प्रतीत? या पुस्तकांची नकल करताना लोक मोकळा हात घेत. धर्मग्रंथाला जो धाक असतो तो इथे नव्हता.

मग हे पुस्तक दडपलं गेलं का? पोप गेलासियसच्या नावावर खपणारी सहाव्या शतकातली एक यादी आहे, तिच्यात त्याला त्याज्य पुस्तकांत घातलं आहे. आणि तरीही त्याच्या शंभराहून जास्त ग्रीक हस्तप्रती आज हयात आहेत. सिरियाक, आर्मेनियन, जॉर्जियन, इथिओपियन भाषांतरं आहेत. पश्चिमेत त्याच गोष्टी मत्तयच्या नावावरच्या एका लॅटिन पुस्तकात नव्याने सांगितल्या गेल्या. नाताळच्या गोठ्यातले बैल आणि गाढव त्या पुस्तकात भेटतात, लूकच्या मजकुरात फक्त गव्हाणी आहे. इटलीत पादुआच्या अरीना चॅपेलमध्ये १३०५च्या सुमारास जोत्तोने भिंती रंगवल्या, तेव्हा त्याची चित्रमालिका सुरू होते ती योवाकीमला मंदिरातून हाकलण्यापासून. मरीयेचं पालकत्व कुणाकडे जावं म्हणून चिठ्ठ्या टाकल्याची हकिगत कुराणातही येते, तिथं त्या लेखण्या आहेत. पवित्र शास्त्र म्हणून पुस्तक नाकारलं गेलं, पण त्याच्यातले सण, चित्रं आणि नवस लोकांनी सोडले नाहीत. "दडपलं" किंवा "मान्य केलं" यांपैकी एकच शब्द निवडायला लावला तर मला निवडता येणार नाही.

आता निवड कशी झाली त्याबद्दल. ३२५ साली निकेयाच्या परिषदेत सम्राट कॉन्स्टंटाइनने मतदान घेऊन पुस्तकं ठरवली, ही कथा सगळीकडे फिरते. ती खरी नाही. निकेयात वाद होता पुत्र पित्यासमान आहे का याचा, शिवाय पुनरुत्थानाच्या सणाच्या तारखेचा. तिथल्या ठरावांत पुस्तकांची यादी नाही. आजच्या नव्या करारातली नेमकी सत्तावीस पुस्तकं एकत्र सांगणारी पहिली यादी मिळते ती अलेक्झांड्रियाचा बिशप अथनासियस याने ३६७ साली पाठवलेल्या पत्रात. तोवर हे काम गावोगावी, हळूहळू, आणि बरंच धडपडत चालू होतं.

ही धडपड जवळून पाहायची असेल तर अंत्युखियाच्या सेरापियोनची हकिगत वाचा, चर्चचा इतिहास लिहिणाऱ्या युसेबियसने ती जपून ठेवली आहे. साल साधारण २००. समुद्रकाठच्या रोसोस गावातल्या मंडळींत 'पेत्राचं शुभवर्तमान' वाचावं की नाही यावरून कुरबुर चालली होती. बिशप सेरापियोन तिथं गेला, माणसं बरी वाटली, आणि पुस्तक न वाचताच म्हणाला, एवढ्यावरूनच वाद असेल तर वाचा खुशाल. परत आल्यावर त्याच्या कानावर काहीबाही आलं, तेव्हा त्याने प्रत मिळवून वाचली. मग पत्र लिहिलं: यातलं बहुतेक योग्य आहे, पण काही वाढवलेलं आहे, आणि त्या जागा खाली देत आहे. त्याला खटकलं ते हे की काही लोक त्या पुस्तकाच्या आधाराने येशूला खरं शरीर नव्हतंच, तो नुसता भास होता असं शिकवत होते. पोलीस नाहीत, होळी नाही. एक म्हातारा बिशप आपली चूक दुरुस्त करतोय. या पुस्तकाचा एक तुकडा पुढे १८८६-८७च्या हिवाळ्यात इजिप्तमध्ये अखमीमला एका कबरीत सापडला. त्यात कबरीतून तीन पुरुष बाहेर येतात, त्यांची डोकी आकाशाला भिडलेली, मागून वधस्तंभ चालत येतो, आणि आकाशवाणीच्या प्रश्नाला तो वधस्तंभच "होय" म्हणून उत्तर देतो.

होळी कधीच झाली नाही असं मात्र मी म्हणणार नाही. चौथ्या शतकात राजसत्ता ख्रिस्ती झाल्यावर पाखंडी ठरवलेल्यांची पुस्तकं जाळण्याचे हुकूम निघाले. इजिप्तमध्ये नाग हम्मादीजवळ १९४५ साली कॉप्टिकमधल्या तेरा चामडी बांधणीच्या पोथ्या मिळाल्या, त्या अथनासियसच्या पत्रानंतर जवळच्या मठातल्या कुणी पुरल्या असाव्यात, हा एक तर्क. मृताबरोबर कबरीत ठेवल्या असाव्यात, हा दुसरा. याच पोथ्यांत एदेन बागेची गोष्ट सापाच्या बाजूने सांगणारा मजकूर आहे. त्याचा सवाल असा की ज्ञानाच्या झाडाचं फळ माणसाला नाकारणारा, आणि "आदामा, तू कुठे आहेस" असं विचारावं लागणारा देव कसला देव? उत्पत्तीच्या पुस्तकातला एकेक शब्द घेऊन त्याला उलटं धरलेलं आहे. ज्यांनी हे लिहिलं ते शास्त्राला कंटाळलेले नव्हते, ते ते फार बारकाईने वाचत होते.

आणि "बायबलमधून काढलं" म्हणताना कुणाच्या बायबलमधून, हेही विचारायला हवं. प्रोटेस्टंटांची पुस्तकं ६६, कॅथलिकांची ७३, इथिओपियाच्या ऑर्थडॉक्स चर्चची ८१. हनोखाचं पुस्तक आपल्याकडे "गुप्त ग्रंथ" म्हणून गाजतं. इथिओपियात ते बायबलात आहेच. उत्पत्तीच्या सहाव्या अध्यायात देवपुत्रांनी मानवकन्यांशी लग्नं केली अशी चार ओळींची नोंद आहे. हनोखात तिचं मोठं आख्यान झालं आहे. दोनशे देवदूत हर्मोन डोंगरावर उतरतात, शपथ घेतात, आणि माणसांना तलवारी, दागिने, डोळ्यांतलं काजळ, मुळ्यांची औषधं शिकवतात. मृत समुद्राजवळच्या कुमरान गुहांत त्याचे अरामी तुकडे मिळाले, म्हणजे हे येशूच्याही आधीचं ज्यू पुस्तक. नव्या करारातल्या यहूदाच्या छोट्या पत्रात तर हनोखाचं वचन सरळ उद्धृत केलं आहे.

आता तुम्ही विचारलेला दुसरा यहूदा, येशूला धरून देणारा शिष्य इस्कर्योत. 'यहूदाचं शुभवर्तमान' असल्याचं लिओंचा बिशप इरेनेयस १८०च्या सुमारासच सांगून गेला होता. कॉप्टिक प्रत १९७०च्या दशकात इजिप्तमध्ये मिळाली, न्यूयॉर्कजवळच्या एका बँकेच्या लॉकरमध्ये सोळा वर्षं पडून राहिली, मध्ये कुणी ती फ्रीझरमध्येही ठेवली, आणि पानांचा चुरा होत गेला. २००६ साली भाषांतर प्रसिद्ध झालं तेव्हा बातमी झाली की यहूदा द्रोही नव्हताच, येशूच्या सांगण्यावरूनच त्याने सगळं केलं. पुढच्याच वर्षी एप्रिल डिकॉनिक या अभ्यासिकेने या भाषांतरावर बोट ठेवलं. येशू यहूदाला तेरावा 'दायमोन' म्हणतो. प्लेटोच्या ग्रीकमध्ये दायमोन म्हणजे मार्गदर्शक आत्मा असू शकतो. ख्रिस्ती मजकुरात तो जवळपास नेहमी भूत, दुष्टात्मा. दुसऱ्या एका जागी यहूदा पवित्र पिढी'साठी' वेगळा केलेला, की पवित्र पिढी'पासून' वेगळा काढलेला, यावर सगळा अर्थ फिरतो. मी तो मजकूर पुष्कळदा वाचला आहे आणि मला डिकॉनिक यांचं वाचन जास्त पटतं. या पुस्तकात यहूदाला बाकीच्या शिष्यांपेक्षा जास्त कळतं, पण म्हणून तो नायक ठरत नाही. एका शब्दयोगी अव्ययावरून जगभरच्या मथळ्यांत माणूस संत झाला.

येशूची अनुयायी मग्दालीया मरीया, तिच्या लग्नाचं तर आणखी नाजूक आहे. 'फिलिपाचं शुभवर्तमान' म्हणतं की येशू तिचं चुंबन घेई, आणि कुठे, तो शब्द यायच्या जागीच पपायरसला भोक आहे. भाषांतरात "ओठांवर" दिसलं तर तो शब्द भाषांतरकाराचा समजा. त्याच मजकुरात चुंबन हा ज्ञान देण्याघेण्याचा विधी आहे, तेही लक्षात ठेवा. २०१२ साली "माझी पत्नी" असे शब्द असलेला एक तुकडा गाजला. पपायरस खराच जुना होता, त्यावरचं लिखाण नव्हतं. बनावट उघडी पडली त्यात एक गोष्ट फार बोलकी होती: येशूच्या वचनांचा जुना संग्रह असलेल्या थोमाच्या शुभवर्तमानाच्या इंटरनेटवरच्या एका प्रतीत टायपिंगची चूक होती, आणि तीच चूक तुकड्यावर उतरली होती.

भारतीय वाचक म्हणून आणखी एक फॉरवर्ड तुमच्यापर्यंत आलाच असेल: येशू तरुणपणी लडाखला आला होता, हेमिस मठात त्याची पोथी आहे. ही कथा निकोलाय नोतोविचने १८९४ साली छापली. लगेच पुढच्या वर्षी आग्र्याच्या कॉलेजातले प्राध्यापक डग्लस हेमिसला गेले. तिथल्या मुख्य लामाने सांगितलं की असली पोथी इथे नाही आणि असा कुणी पाहुणा मी पाहिलेला नाही. खऱ्याखुऱ्या जुन्या पुस्तकात भारत हवा असेल तर तिसऱ्या शतकातली सिरियाक 'थोमाची कृत्ये' वाचा. येशूचा शिष्य थोमा भारतात यायला राजी नसतो, म्हणून येशू त्याला हब्बान नावाच्या व्यापाऱ्याला विकतो. पुढे गोंडोफर्नीस राजाने महाल बांधायला दिलेले पैसे थोमा गरिबांना वाटून टाकतो. राजाचं नाव लोकांना कल्पित वाटायचं, मग एकोणिसाव्या शतकात वायव्येकडे त्याची नाणी निघाली. राजा खरा निघाला म्हणून महालाची गोष्ट खरी ठरत नाही, पण लिहिणाऱ्याच्या कानावर भारताची काही खरी खबर होती एवढं नक्की.

राहिलं वाचन. इंटरनेटवरच्या "निषिद्ध ग्रंथसंग्रहां"पासून सुरुवात करू नका. त्यांत दुसऱ्या शतकाचं पुस्तक आणि एकोणिसाव्या शतकातली बनावट एकाच पंगतीला बसवलेली असते. मत्तय आणि लूक यांचे पहिले दोन-दोन अध्याय वाचा, आणि त्याच बैठकीत याकोबाचं आद्यशुभवर्तमान, तासाभरात होतं. पेन्सिल जवळ ठेवा. लूक जिथे गप्प आहे आणि हा लेखक बोलतो, त्या प्रत्येक जागी रेघ मारा आणि बाजूला लिहा, हे कुणाला उत्तर आहे? मग 'थोमाचं बालपणाचं शुभवर्तमान' घ्या, ज्यात पाच वर्षांचा येशू शब्बाथाच्या दिवशी मातीच्या बारा चिमण्या करतो, कुणी रागावल्यावर टाळी वाजवतो आणि त्या उडून जातात. त्याची आजवरची सर्वांत जुनी ग्रीक प्रत हॅम्बुर्गच्या ग्रंथालयातच होती. तिच्यावरचं अक्षर इतकं ओबडधोबड की लोकांनी ते कुणाचं तरी साधं पत्र किंवा खरेदीची यादी समजून बाजूला ठेवलं होतं. २०२४ साली दोघा अभ्यासकांनी तो तळहाताएवढा तुकडा नीट वाचला, आणि तेरा ओळींत त्यांना त्या मातीच्या चिमण्या भेटल्या.